उंबऱ्यावरची पालथी काहील

मित्रांनो, मी एक जुने प्रार्थनाघर आहे. दमलेले आहे, हे आधीच सांगून टाकते. लुइझियानातल्या उसाच्या मळ्यात दीडशे वर्षे एका जागी उभे राहून बघा, म्हणजे कळेल.

मळ्याच्या मालकाने मला बांधले, ते गुलामांना ‘मालकाचे ऐका’ हा उपदेश ऐकवण्यासाठी. पाद्री गेला की ती माणसे उसाचा रस उकळायची एक लोखंडी काहील माझ्या उंबऱ्यावर पालथी घालत आणि आपली स्वतःची प्रार्थना म्हणत. काहील आवाज पोटात ठेवते, मालकाच्या कानी जाऊ देत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. मी देवाचे घर झाले ते तेव्हापासून.

पुढे गुलामी गेली, कारखाना बंद पडला, माणसे पांगली. काहील मात्र पालथीच राहिली. दर रविवारी एकट्या मिस ओडेल येत, वय चौऱ्याऐंशी. २००५ च्या वादळाने माझे अर्धे छप्पर नेले आणि मळ्याच्या नव्या मालकांनी मला पाडायचे ठरवले. जुन्या वास्तू जपणाऱ्या गावच्या समितीने, मला राखायचे की पाडू द्यायचे हे ठरवण्याआधी, शेवटची एक पाहणी तेवढी मागून घेतली.

त्या पाहणीसाठी २००७ च्या मार्चमधल्या एका रविवारी सावनी आणि राजस आले, बॅटन रूज शहरात वास्तुकला शिकणारे. सावनी शिरोळची, गुऱ्हाळात वाढलेली.

“यार राजस, काहील अशी पालथी? म्हणजे गुऱ्हाळ कायमचं उठलं! सरळ करू, हेल्प कर.”

दोघांनी घाम गाळून ती सरळ केली. सावनीने वर कुंकवाचे बोटही लावले. पोरीचा हेतू चांगला होता, पण माझ्या काळजात धस्स झाले.

काठी टेकत आलेल्या मिस ओडेल जागीच थबकल्या. “माझ्या पणजीनं ठेवली होती ती,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सारे सांगितले.

सावनी रडवेली झाली. घाईत तिच्या तोंडून मराठीच आली. “सॉरी मावशी, चुकलं!”

काहील पुन्हा पालथी घालायला दोघे वाकले, तशी मिस ओडेलनी काठी आडवी धरली.

“राहू दे. आता कोणापासून लपवायचं? हे घर पाडलेलं मला बघायचंय का, हे कोणी विचारलं नाही. निदान एकदा आमची प्रार्थना बाहेर ऐकू तरी जाऊ दे.”

आणि त्या गायल्या. थकलेला, चिरका आवाज पार उसाच्या कडेपर्यंत गेला. सावनीने मापांच्या कागदावर सगळ्यात आधी काहील काढली.

समितीचा निर्णय अजून आलेला नाही. मित्रांनो, जुन्या घरात काही विचित्र ठेवलेले दिसले, तर सरळ करण्याआधी विचारा. सांगणारे माणूस आहे तोवर विचारा.

या रविवारी मिस ओडेल आल्या नाहीत.