जेवणाच्या टेबलावरचा शब्दकोश

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. हवी तर पैज लावा. मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. सध्या तुमच्या शाळेच्या वाचनालयात खिडकीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याच्यापुढे ठेवलेले असते. पण ऐन उमेदीत मला उचलायला दोन धट्टीकट्टी माणसे लागत. एकदा मी फळीवरून पडलो, तर खालच्या मजल्यावरचा शिंपी भूकंप झाला म्हणून गळ्यातल्या टेपसकट रस्त्यावर पळाला होता. हसू नका!

छापखान्यात माझा जन्म झाला. माझी पाने दोऱ्याने शिवली, वर जाड कापडी पुठ्ठा चढवला आणि पाठीवर सोनेरी अक्षरे उमटवली. मग मी दुकानात पडून राहिलो. गिऱ्हाईक यायचे, मला कौतुकाने उघडायचे आणि माझ्या शेजारचा सडपातळ भाऊ घेऊन जायचे. शेवटी एक उंच गृहस्थ आले. ते वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी रचत. त्यांनी मला एकट्यानेच काखोटीला मारले. आता दोन माणसांचे काय, असे विचारू नका. त्यांच्या अंगात तेवढी ताकद होती.

त्यांच्या घरी मला जेवणाच्या टेबलावर जागा मिळाली, मिठाच्या बरणीशेजारी. घरात तिघेच. ते स्वतः, त्यांची बायको आणि नात. नात त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. रोज जेवताना खेळ रंगायचा. दोन इंग्रजी अक्षरे ठरवायची. ती दोन्ही ज्यात आहेत असा लांबलचक शब्द मनात धरायचा आणि त्याचा अर्थ हावभावांनी करून दाखवायचा. बाकीच्यांनी शब्द ओळखून अर्थ सांगायचा. करून दाखवणाऱ्याने अवाक्षर काढले, की डाव बाद. भांडण झाले, तर निवाडा माझा.

सगळ्यांत लाडकी जोडी एक्स आणि वाय. आजीने डोळे मिटून मीठ टाकल्यासारखे केले, की नात ओरडायची, “अप्रॉक्झिमेटली! अंदाजे!” एकदा आजोबा तोंडात रुमाल कोंबून, डोळे वटारून खुर्चीत ताठ बसून राहिले.

“टॅक्सिडर्मी!” नात किंचाळली. “मेलेल्या प्राण्यात भुसा भरून ठेवायचा!”

“त्याला नाटक कशाला हवं?” आजी म्हणाली. “सुट्टीच्या दुपारी हे असेच तर असतात.”

मग आजीची पाळी. तिने भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवले आणि दोन्ही हात हवेत उडवले. आजोबांनी लगेच ओळखले. “इनएक्सप्लिकेबली. कसं झालं, का झालं, कुणालाच सांगता येणार नाही असं.” मी तर हसून हसून माझी शिवण उसवून घेतली.

आणि मग ती संध्याकाळ आली. त्या दिवशीही एक्स आणि वाय हीच अक्षरे होती. पाळी आजोबांची होती. त्यांच्या हातातला चमचा खाली पडला. तोंड एका बाजूला वाकडे झाले. उजवा हात मांडीवर लोंबत राहिला आणि डाव्या हाताने ते टेबल थोपटू लागले.

“एक्झॉशन? दमून जाणं?” आजीने विचारले.

“त्यात वाय कुठाय, आजी? अस्फिक्सिया! श्वास कोंडणं!”

आजोबा नातीकडे नुसते बघत राहिले. घशातून घरघर आली.

“आजोबा, आवाज काढायचा नाही हं! डाव बाद होईल!”

ते गप्प झाले. का, ते आता कोण सांगणार?

“कळलं!” नात उडी मारून उठली. “अपॉप्लेक्सी! मेंदूला झटका येतो आणि माणसाची वाचा जाते!”

“अहो, काय हुबेहूब करताय!” आजी म्हणाली. “घे गं, एक गुण तुला.”

नातीने टाळ्या पिटल्या. मग नेहमीप्रमाणे तिने मला उघडले आणि तो अर्थ मोठ्याने वाचून दाखवला. तिचे वाचन संपायच्या आत आजोबा खुर्चीवरून घसरले.

डॉक्टर आजीला म्हणाले, “थोडं लवकर आणलं असतं तर...” नात शेजारीच उभी आहे हे पाहून त्यांनी वाक्य अर्धेच सोडले. पण उरलेले वाक्य तिला कळले.

आजोबा चाकाच्या खुर्चीतून घरी आले. त्यांच्याजवळ एकही शब्द उरला नव्हता. शाळा सुटली की नात मला त्यांच्या मांडीवर उघडून बसायची. आधी लांब शब्द, मग छोटे, मग नुसती अक्षरे. काही उपयोग झाला नाही. शेवटी शेवटी ती एवढेच म्हणायची, “आजोबा, तो गुण मला नको. परत घ्या ना. घेतला म्हणा. नुसतं हं म्हणा.”

“अगं, पुरे,” आजी दारातून म्हणायची. “किती छळशील त्यांना?”

“मी छळत नाहीये. आजी, त्या दिवशी त्यांना वाटलं असेल ना, की मी मुद्दाम...”

आजी आत निघून जायची. आजोबांच्या तोंडातून लाळ माझ्या पानांवर गळायची आणि शाई फुटायची. मला कुणी पुसत नसे.

मित्रांनो, पुस्तकांची पाने दुमडू नका, त्यांना ओल लागू देऊ नका. आणि बोलता बोलता कुणी थांबला, तर आधी त्याचा हात हातात घ्या. अर्थ मागाहून शोधा.

अरेरे, असे चेहरे पाडू नका! एका दुपारी काय झाले ते ऐका तर खरे. आजोबांनी डावा हात माझ्यावर ठेवला, घसा खाकरला आणि घंटेसारख्या खणखणीत आवाजात म्हणाले, “पोरी, तुझी काही चूक नव्हती. मी घेतला तो गुण परत.” आजीच्या हातातली कपबशी फुटली! शेजारीपाजारी धावत आले! आणि मग आजोबांनी एक्स आणि वायचे सगळे शब्द एका दमात—

“खोटं.”

मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली होती.

“ते असं काहीच म्हणाले नाहीत,” ती म्हणाली. “म्हणाले असते तर मला ऐकू आलं असतं. मी रोज तिथेच बसायचे.”