नापास व्हायचे तीन महिने

सासूबाईंचं इंजेक्शन नामंजूर झाल्याचं कळलं, तेव्हा सूनबाई लाँड्रीत एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला.

"पेशंट तुमच्या कोण?" विमा कंपनीतल्या बाईनं विचारलं.

"सासू."

"मग तुमच्या मिस्टरांशी बोलता येईल का?"

"नाही. ते वारले. चार वर्षं झाली."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. "सो सॉरी, मॅडम. तर यंदापासून औषधांची यादी बदललीय. आधी साध्या गोळ्या तीन महिने घ्यायच्या. त्यांनी फरक पडला नाही, तरच इंजेक्शनचा विचार होईल."

"त्या गोळ्या घेऊन झाल्यात. सहा वर्षांपूर्वी. काही उपयोग झाला नव्हता."

"त्याचे कागद पाठवा ना."

कागद नव्हते. तो डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे निघून गेला होता आणि त्याच्या फायली कुठे गेल्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सूनबाईनं ते सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग नव्या डॉक्टरीणबाईंचं पत्र जोडून अर्ज केला. पालथ्या घड्यावर पाणी. नकार तोच, फक्त तारीख नवी.

नवरा गेल्यावर त्या दोघी एकाच घरात राहिल्या. राहायचं का, असं कुणी कुणाला विचारलं नाही, आणि कुणी निघूनही गेलं नाही. सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे पडदे शिवले होते. संधिवातानं बोटं आखडली तेव्हा मशीन बंद पडलं, आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर आठ महिन्यांत पुन्हा चालू झालं. दर पंधरा दिवसांनी एक. पदरचे पैसे घालून घ्यावं तर सूनबाईचा अख्खा पगारही एका इंजेक्शनाला पुरला नसता. त्यामुळे तो विषय दोघींपैकी कुणी काढलाच नाही.

"म्हणजे यांना माझी बोटं पास झालेली नकोत," सासूबाई म्हणाल्या. "नापास करून दाखवायचीत."

"हो."

"मग होऊ या नापास. शाळेत सवय होती मला."

सूनबाईला हसू यायला हवं होतं. तिनं गोळ्यांचं पाकीट फोडलं.

डॉक्टरीणबाईंनी एक वही ठेवायला सांगितली. सकाळी उठल्यावर हात किती मिनिटांनी मोकळे होतात, एवढंच लिहायचं. पहिल्या आठवड्यात वीस. महिन्याअखेर पन्नास. दुसऱ्या महिन्यात आकड्यानं शंभरी ओलांडली. सासूबाईंनी एका गिऱ्हाइकाचं कापड न शिवताच परत केलं. मग त्यांना कप धरवेना, नळ सोडवेना. सूनबाई कामावर जाण्याआधी त्यांची वेणी घालायची, पाण्याची बाटली झाकण सैल करून उशाशी ठेवायची आणि वहीत आकडा लिहायची. आकडा वाढला की लवकर सुटका, हे तिला कळत होतं. एका सकाळी दीडशे लिहिताना तिला चक्क बरं वाटलं. मग बरं वाटलं याचंही काही वाटलं नाही.

"जास्त लिही की," सासूबाई म्हणाल्या. "दोनशे लिही. कोण बघायला येतंय?"

"उद्या होतील दोनशे," सूनबाई म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू रडत का नाहीस गं? तो गेला तेव्हाही नाही रडलीस."

"उशीर होतोय मला," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. उशीर खरंच होत होता.

तीन महिने भरले. रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी कागद उलगडला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा, छान!" लगेच त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, वाईट आलाय. खूप वाईट. आता नाही म्हणता येणार नाही त्यांना."

"अभिनंदन म्हणा की," सासूबाई म्हणाल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीवर, गळून पडलेल्या वस्तूंसारखे ठेवले होते.

मंजुरीचा निरोप नवव्या दिवशी आला. सूनबाई हॉस्पिटलच्या चादरींना घड्या घालत होती. तिनं तो दोनदा वाचला, फोन खिशात टाकला आणि उरलेल्या चादरी संपवल्या. शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी विचारलं, "काय गं, काही वाईट बातमी?"

"नाही. चांगली आहे."

"मग तोंड असं का?"

तिनं तोंडावरून हात फिरवला. हाताला काही वेगळं लागलं नाही.

इंजेक्शन बर्फाच्या डब्यातून आलं. चार महिन्यांत उजवा हात बराचसा परत आला. डाव्या हाताची दोन बोटं वाकली ती वाकलीच. सांध्याचं आतून नुकसान झालंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत औषध चालू राहिलं असतं तर झालं नसतं. त्या हे हळू आवाजात म्हणाल्या, आणि दोघींनी मान डोलावली. सासूबाई आता पडदे घेत नाहीत. उशांचे अभ्रे शिवतात, तेवढंच कापड त्यांना मशीनखाली सरकवता येतं.

एका रविवारी दुपारी विमा कंपनीचा फोन आला. आमच्या सेवेबद्दल एक ते पाचमध्ये गुण द्या, असं रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला. सूनबाईनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"किती देऊ?"

सासूबाई मशीनवरून उठल्या, जवळ आल्या आणि वाकलेल्या बोटानं त्यांनी नेम धरून एकचं बटण दाबायला पाहिलं. दाबला गेला चार. आभारी आहोत, आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मग सासूबाई हसायला लागल्या, अगदी ठसका लागेपर्यंत. सूनबाईनं त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ठसका थांबला तरी तो हात तिनं काढला नाही. ती तशीच त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली, आणि बराच वेळ उठली नाही.