दोघांची चौकट

खिडकीची चौकट म्हणजे चार लाकडं आणि चार कोपरे. एवढ्याशा कामाला दोन माणसं लागावीत, हे ऐकणाऱ्याला पटत नसे. पण त्या दोघा भावांच्या कारखान्यात लागत, कारण बापाने घालून दिलेली रीतच तशी होती. खिळा नाही, स्क्रू नाही, सरसाचा थेंब नाही. एका लाकडाच्या टोकाला तिरकी जीभ, दुसऱ्याच्या टोकाला तशीच तिरकी खाच, आणि चारही जिभा चारही खाचांत एकाच वेळी शिरायला हव्यात. एक कोपरा आधी बसला की समोरचा रुसतो आणि मग कितीही ठोका, दाद देत नाही. म्हणून टेबलाच्या एका टोकाला एक भाऊ उभा राहायचा, दुसऱ्या टोकाला दुसरा, चार हात चार कोपऱ्यांवर. थोरला म्हणायचा, "घे." धाकटा म्हणायचा, "हं." की दोघं एकदम रेटायचे. लाकूड एकदा कुरकुरायचं आणि चौकट बंद व्हायची. ती पुढे भिंत पडली तरी सुटायची नाही.

"घे" आणि "हं". गेली कित्येक वर्षं दोघा भावांमध्ये बोलणं म्हणून उरलं होतं ते एवढंच.

थोरला वरच्या मजल्यावर राहायचा, बायकोबरोबर. धाकटा खाली, कारखान्याच्या मागच्या खोलीत, एकटाच. त्याचं लग्नाचं वय होतं तेव्हा लोकांच्या खिडक्या बसवायच्या होत्या, आणि खिडक्यांतून मान वर काढली तेव्हा वय निघून गेलं होतं. जेवणाचा डबा वरून यायचा. तो आणणारी वहिनी हेच दोघांमधलं टपालखातं होतं. "भावोजी, हे विचारतायत, करवतीला धार लावून आणली का?" असं ती विचारायची, आणि हे म्हणजे ज्यांच्याविषयी बोलणं चाललंय ते महाशय तीन हातांवर रंधा मारत उभे असायचे. धाकटाही मग भावाच्या पाठीकडे बघत म्हणायचा, "सांगा त्यांना, आणली." वहिनी दोघांकडे आळीपाळीने बघायची आणि म्हणायची, "ऐकलंत ना? की आता मी वर जाऊन पुन्हा खाली येऊन सांगू?"

अबोला धरायचं कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटा दूर एका गावाला खिडक्या बसवायला गेला होता. थोरल्याने त्याला निरोपच पाठवला नाही. धाकटा परतला तेव्हा सगळं आटोपलं होतं, आईचं अंथरूणसुद्धा गुंडाळून ठेवलेलं होतं. थोरला म्हणाला, "आई तर गेलीच होती. तू काम अर्धवट टाकून धावत आला असतास, आणि वाटेत तुझं काही बरंवाईट झालं असतं तर?" त्यात माया होती की हिशेबीपणा होता, हे धाकट्याला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं कळलेलं नाही. तो ओरडला, "यापुढे मला काही सांगू नकोस!" थोरल्याने जन्मभरात धाकट्याचं एवढं एकच म्हणणं ऐकलं, आणि ते तंतोतंत पाळलं.

धाकट्याला वाटलं होतं, आठवडाभरात निवळेल. आठवडा गेला, वर्ष गेलं, दोघांचेही केस पिकले. आपण बोललेला शब्द आपणच मागे घ्यायचा, तर तोंड उघडावं लागतं, आणि त्याचं तोंड काही उघडेना. सकाळपासून तो पहिल्या चौकटीची, मग दुसऱ्या चौकटीची वाट बघायचा. लाकडं कापून, जिभा तासून झाल्या की टेबलाशी उभं राहून थोरला म्हणायचा, "घे." तेवढं ऐकलं की धाकटा त्या दिवसापुरता भरून पावायचा. ज्या दिवशी जोडणी नसायची, नुसतीच कापाकापी असायची, त्या दिवशी त्याला डब्यातली भाजी बेचव लागायची आणि तो उगाच वहिनीला बोल लावायचा.

मग थोरल्याचा उजवा खांदा दुखायला लागला. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पण चौकटीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसापासून असलं काय लपणार? समोरून येणारा रेटा एका अंगाला कमी पडतोय, हे धाकट्याच्या तळहातांना कळलं. "घे" म्हणण्याआधी थोरला आता श्वास घ्यायला थांबत होता, आणि चौकट बंद झाली की पाठ वळवून मुकाट्याने खांदा दाबत होता. धाकट्याला वहिनीच्या कानावर घालता आलं असतं. पण ज्याने दुखणं घरापासून लपवलंय त्याची चहाडी करायची कशी? आणि त्याला स्वतःला विचारायचं, तर अबोला आडवा येत होता.

तोंड बंद असलं की माणसाचे हात बोलायला लागतात. दुपारी थोरला जेवायला वर गेला की धाकटा टाकाऊ तुकडे घेऊन बसायचा. रेटा न लावता चौकट बसेल, असा सांधा त्याला काढायचा होता. सगळ्या जिभा एकदमच का शिराव्यात? एकामागून एक का नाही? तीन कोपरे तसे बसवता येत होते, पण चौथा अडायचा. चौथ्याची खाच रुंद केली तर जीभ आरामात आत जायची आणि तितक्याच आरामात बाहेर यायची. असले किती तुकडे त्याने चुलीत घातले असतील कोण जाणे. शेवटी एके दिवशी डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली लाकडाचं टोक सरकवताना तो तसाच ओणवा थांबला. पाचर! चौथी खाच रुंदच ठेवायची, आणि जीभ आत गेली की उरलेल्या फटीत बाजूने एक पाचर ठोकायची. पाचर आत गेली की चौथा कोपरा आवळतो, आणि तो आवळला की बाकीचे तिघेही गुमान जागच्या जागी बसतात. त्याने करून बघितलं. चौकट जमिनीवर आपटली, तिच्यावर उभा राहिला. हलायचं नाव नाही. रिकाम्या कारखान्यात तो स्वतःशीच हसला. शाबासकी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून डबा घासून ठेवला आणि वहिनीची वाट बघत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने थोरल्यासमोर ती चौकट एकट्याने जोडली. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा, पाचर, हातोड्याचे दोन घाव. मग तो मोठ्या आशेने बाजूला झाला. मनात म्हणाला, बघ दादा, आता रेटायला नको, आता खांद्याला त्रास नाही. हे सगळं मनात. तोंडाने त्याने फक्त घसा खाकरला.

थोरला पुढे आला. चारही कोपऱ्यांना काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला. पाचरीवरून अंगठा फिरवला. चौकट उचलून उजेडात धरली आणि सावकाश खाली ठेवली. काम चोख होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याने कमरेचा ॲप्रन सोडला, घडी घालून खुंटीला लावला आणि जिना चढून वर गेला.

तो दुसऱ्या दिवशी खाली आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डबा घेऊन आलेल्या वहिनीला धाकट्याने न राहवून विचारलं, "बरं नाही का त्यांना?"

"बरं आहे की. खिडकीशी बसून असतात," वहिनी म्हणाली. "म्हणतात, खाली आता एकाच माणसाचं काम आहे. भावोजी, तुम्ही काही बोललात का त्यांना?"

"मी कशाला बोलतोय?"

"हो, तेही खरंच," वहिनी म्हणाली आणि रिकामा डबा उचलून निघून गेली.

आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं म्हणतात ते हेच. भावाचा भार हलका करायला गेलेल्या माणसाने भावालाच कामातून उठवलं होतं. आता काम झरझर होत होतं. चौकटी नेणारा ठेकेदार खूश होता, "असं आधीच का नाही सुचलं?" म्हणत होता. धाकटा एकटा चौकटी जोडायचा, भिंतीला ओळीने टेकवायचा. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला भुसा साचत गेला, कारण तिथे उभं राहून तो पायाने सारणारं कुणी नव्हतं. वर फरशीवर खुर्ची सरकली की धाकट्याचा हात थांबायचा. पावलं जिन्याकडे येतायत का, हे तो कान देऊन ऐकायचा. पावलं खिडकीपर्यंत जायची आणि परत फिरायची. चौथा कोपरा बसवताना कधी कधी त्याच्या तोंडून आपसूक "हं" निघून जायचं, आणि मग त्याला फार ओशाळल्यासारखं व्हायचं. डब्याच्या वेळची वहिनी सोडली, तर सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत घरातलं त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. आधीही फारसं बोलत नव्हतंच, पण तेव्हा तो एक शब्द होता, आणि एका शब्दावर माणूस किती दिवस काढू शकतो हे त्याला आता समजत होतं.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, असं म्हणतात. धाकट्याने तेच करायचं ठरवलं. त्याने एक चौकट मुद्दाम जुन्या रीतीने कापली, चारही जिभा तिरक्या, चारही खाचा नेमक्या. वहिनीजवळ निरोप दिला, "गिऱ्हाइकाला जुनीच हवी आहे. दोघं लागतात." गिऱ्हाईक-बिऱ्हाईक कुणी नव्हतं.

थोरला लगेच आला. इतक्या लगबगीने आला की चपला घालायच्या राहिल्या. खुंटीवरचा ॲप्रन काढून त्याने झटकला, कमरेला बांधला, आणि आपल्या टोकाशी येऊन पायाने भुसा बाजूला सारला. धाकट्याला एवढं भरून आलं की त्याने मान खाली घातली. चार हात चार कोपऱ्यांवर आले.

"घे," थोरला म्हणाला.

"हं."

दोघांनी रेटलं. धाकट्याकडचे कोपरे आत सरकले. समोर थोरल्याच्या डाव्या हाताखालचाही सरकला. उजवा अडला. थोरल्याने दात आवळून पुन्हा जोर लावला, त्याच्या कपाळावर घाम आला, तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि हात कोपऱ्यावरून घसरला. बोटभर फट तशीच राहिली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही चौकट उघडी राहिली नव्हती.

हात दाखवून अवलक्षण झालं होतं, आणि अवलक्षण आपलं नाही, भावाचं झालं होतं. थोरला त्या फटीकडे बघत राहिला. मग त्याने ॲप्रनच्या गाठीला हात घातला. एका हाताने ती सुटेना. सुटेना तेव्हा ती तशीच ठेवून तो जिन्याकडे वळला. आता हा वर गेला की पुन्हा खाली येणार नाही, हे धाकट्याला स्वच्छ कळलं.

"दादा," तो म्हणाला.

थोरला थांबला. हा शब्द कानावर पडून त्याला इतकी वर्षं झाली होती की आधी त्याने मागे वळून दुसरं कुणी आहे का तेच बघितलं.

"तुझा खांदा दुखतो, म्हणून मी सोपी चौकट काढली. तुला काढायला नाही."

थोरल्याने डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं खांद्याचं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी समोरच असतो ना."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"तू तरी कुठे बोलतोस?"

"मी कसा बोलणार?" थोरला एकदम चिडून म्हणाला. "तूच म्हणालास, सांगू नकोस म्हणून!"

धाकट्याने अर्धवट बसलेली चौकट उचलून भिंतीशी ठेवली आणि नव्या रीतीने कापलेली चार लाकडं टेबलावर मांडली. एक कोपरा बसवला, दुसरा, तिसरा. चौथ्याची जीभ आत सरकवली, पाचर फटीत टेकवली, हातोडा उचलला आणि तसाच धरून थांबला. थोरला अजून जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभा होता, सुटत नसलेल्या गाठीवर हात ठेवून.

"दादा, सांग," धाकटा म्हणाला.

"काय सांगू?" थोरला म्हणाला. "याला दुसरा माणूस लागतच नाही."

"लागतो. तू सांग."

थोरला मागे आला. टेबलाच्या आपल्या टोकाशी उभा राहिला. डावा हात त्याने चौकटीवर नुसता ठेवला, रेटण्यासाठी नव्हे. नेहमीसारखा एक श्वास घेतला.

"घे," तो म्हणाला.

"हं," धाकटा म्हणाला, आणि त्याने पाचर ठोकली.