सव्वीस तक्रारी

कारखान्यात तिला सगळे तक्रारबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं ती लोकांची गाऱ्हाणी वाचून पोट भरत होती, मग नाव तरी दुसरं काय पडणार? कारखाना गोल्फचे चेंडू बनवायचा. महागातले नव्हेत, स्वस्तातले. चेंडू तळ्यात गेला की ज्यांना दिवसभर घास गोड लागत नाही, अशा हौशी लोकांसाठीचे. ही माणसं पैसे कमी देतात आणि बोलतात जास्त. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्याने काढली, त्याच्या घरात कोणीतरी गोल्फ खेळणारं नक्की असणार. एक निवृत्त गृहस्थ तर दर महिन्याला न चुकता लिहीत, की तुमचा चेंडू उजवीकडे पळतो आणि त्यापायी मी मेव्हण्याकडून हरतो. तक्रारबाई त्यांना दर महिन्याला न चुकता नम्र उत्तर पाठवी. मेव्हण्याचं काही करणं तिच्या हातात नव्हतं.

पण हे काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कारखाना तगला होता तो या गाऱ्हाण्यांवरच. मोठ्या कंपन्यांकडे प्रयोगशाळा असतात, चेंडू मारून बघणारी यंत्रं असतात. इथे तक्रारबाई होती. थंडीत चेंडूचं कवच तडकतं असं लोकांनी लिहिलं, प्लास्टिक बदललं. मारला की दगडासारखा वाजतो म्हणाले, आतलं रबर मऊ केलं. छापलेलं नाव पुसतं म्हणाले, छपाई वार्निशच्या खाली घेतली. यातला नियम तिनेच घालून दिला होता. तक्रारीत खोक्यावरचा लॉट नंबर हवा, आणि एकाच प्रकारच्या तक्रारी महिन्यात पंचवीसच्या वर जायला हव्यात. एकाची तक्रार म्हणजे त्याचा स्वभाव, पंचवीस जणांची म्हणजे चेंडूचा दोष, असं ती एकदा बैठकीत बोलून गेली. साहेबांना ते इतकं पटलं, की त्यांनी ते छापून घेतलं, काचेत बसवलं आणि स्वतःच्या खुर्चीमागे टांगलं. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

गेल्या वर्षी चकाकीचं गाऱ्हाणं सुरू झालं. चेंडू एकदा खेळला की उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो, असं एकाने लिहिलं. मग दुसऱ्याने, मग दहाव्याने. महिनाअखेर एकेचाळीस झाल्या. तिने अहवाल लिहिला, आणि नेहमीसारखा चोख लिहिला. दोन महिन्यांत नवं वार्निश आलं, दोन डब्यांचं. एका डब्यात वार्निश, दुसऱ्यात ते कडक करणारं हार्डनर. दोन्ही मिसळून फवारलं की चेंडू नुसता लखलखायचा. लोक भलतेच खूश झाले. या किमतीत असा चेंडू कुठे मिळत नाही, असं चक्क कौतुक यायला लागलं, आणि कौतुकासाठी फाईलच नसल्यामुळे तिला ती नवीन काढावी लागली.

ते वार्निश फवारायचं काम तिच्या धाकट्या भावाकडे होतं.

चौदा वर्षांपूर्वी तिनेच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवलं होतं. स्प्रे-खोली म्हणजे दहा बाय बाराची जागा, एका भिंतीत हवा बाहेर फेकणारा जुना पंखा. चेंडू तीन टोकदार खिळ्यांवर गरगर फिरत पुढे येत, आणि भाऊ हातातल्या बंदुकीने एकेकावर फवारा सोडी. ऐकायला सोपं, पण थर जरा जास्त झाला की चेंडूवरचे खळगे बुजतात आणि चेंडू हवेत नीट उडत नाही. जरा कमी झाला की दोन दिवसांत मळकट. भावाचा हात असा, की त्याच्या मालातला चेंडू परत आल्याचं मुकादमाला आठवत नव्हतं. शाळेत प्रत्येक विषयात लाल रेघा मिळवलेल्या या पोराला आयुष्यात ही एकच गोष्ट फार चांगली येत होती, आणि ते त्याला ठाऊक होतं.

नवं वार्निश आल्यावर सहाव्या आठवड्यात त्याला खोकला लागला. आधी सगळ्यांनी आपापली औषधं सांगितली, ती सगळी करून झाली. मग संध्याकाळी छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मग तो उशीला टेकून बसूनच झोपू लागला. खरं काय ते आधी ओळखलं भावजयीने.

"ताई, सुट्टीच्या दिवशी हे बरे असतात," ती म्हणाली. "दोन दिवस लागून सुट्टी मिळाली तर जिनेसुद्धा चढतात. कामावर गेले की संध्याकाळी पुन्हा तेच. मला चार इयत्ता शिकलेलीला कळतंय, तुम्हाला कसं कळत नाही?"

डॉक्टरांनी डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो मागवला, वाचला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. हे हार्डनर त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि आता तर थोडंही सोसणार नाही. ती खोली सोडायची, नाहीतर एक दिवस श्वास अडकेल तो सुटणार नाही.

"खोली सोडून काय करू?" भाऊ घरी आल्यावर म्हणाला. "मला दुसरं येतंय काय? तू उगीच घाबरतेस, ताई. डॉक्टर लोकांना घाबरवायचेच पैसे मिळतात."

ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"किती जणांना त्रास आहे, बाई?"

"सध्या एकालाच."

"मग उद्याच चांगला मास्क मागवतो. डबल फिल्टरचा. पण वार्निश बदला म्हणता, ते एकाच्या सांगण्यावरून कसं बदलू? तुम्हीच सांगा. नियम तुमचाच आहे."

"मग त्याला दुसरीकडे तरी टाका, साहेब."

"टाकतो की. त्याच्यासारखा हात तयार होऊ दे. सहा महिने धरा."

त्यांच्या डोक्यामागे काचेत तिचंच वाक्य टांगलेलं होतं. तिने ते वाचायचं टाळलं आणि उठली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय बोलणार? पण जिन्यात येईपर्यंत तिच्या डोक्यात दुसरं चक्र फिरायला लागलं होतं. एकाचं ऐकत नाहीत ना? मग सव्वीस जणांचं ऐकतील. काट्याने काटा काढायचा. दोन वर्षांपूर्वी नारिंगी चेंडू आले होते, ते वाळक्या गवतात दिसत नाहीत म्हणून पंचवीसच्या वर तक्रारी गेल्या आणि महिन्याच्या आत पांढरे परत आले होते. तसंच हे वार्निश जाईल आणि जुनं परत येईल. हिशेब साधा होता.

तीन रविवार ती सार्वजनिक वाचनालयातल्या संगणकावर बसली. लॉट नंबर तिला तोंडपाठ होते. दोष तिने विचार करून निवडला. नव्या वार्निशचा पापुद्रा निघतो. एकोणीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेली बाई ती, तिला काय अवघड? एक तक्रार तिने वकिली थाटात लिहिली, एक रडवेली, एक शुद्धलेखनाचे बारा वाजवलेली. एकात बायकोने भेट दिलेल्या चेंडूंचा उल्लेख, एकात नातवाचा. आणि खऱ्या वाटाव्यात म्हणून मधूनमधून खऱ्या लोकांचा खवटपणा घातला. 'कोणीतरी झोपेत वार्निश मारलेलं दिसतंय.' 'हा चेंडू रंगवणारा आंधळा आहे काय?' आंधळ्याची तक्रार तिला इतकी जमून आल्यासारखी वाटली, की एकटीच बसल्या जागी हसली. बऱ्याच आठवड्यांनी हसली होती ती.

महिनाअखेरच्या बैठकीत साहेबांपुढे सव्वीस कागद होते.

"बाई, वेळेवर पकडलंत," ते म्हणाले. "वार्निशवाल्या कंपनीच्या माणसाशी मी बोललो. त्याचं म्हणणं, थर पातळ पडतोय. आता दोन हात मारायचे, आणि हार्डनर थोडं वाढवायचं. पापुद्र्याचं नाव राहणार नाही."

ती घाईने म्हणाली, "साहेब, त्यापेक्षा जुनं वार्निशच आणू या ना. जुनंच बरं होतं."

"जुन्यावर एकेचाळीस तक्रारी होत्या, यावर सव्वीस आहेत. म्हणजे आपण सुधारतोय, बाई!"

सगळे हसले. त्याच वेळी तिने बोलायला हवं होतं. या तक्रारी खोट्या आहेत, मी लिहिल्यात, एवढं एकच वाक्य. पण नोकरी तिची जाणार, आणि तिच्या शब्दावर लागलेल्या भावाची राहील याची काय खात्री? ती मूग गिळून बसली. उद्या सांगू, म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, उद्या सांगू. असे आठ दिवस गेले.

त्या आठ दिवसांत ती एक गोष्ट विसरली होती, आणि विसरावी अशी ती नव्हती. ज्या खात्याच्या कामाबद्दल तक्रारी असतात, त्या खात्याच्या भिंतीवर त्या छापून चिकटवायच्या, ही तिथली पद्धतच होती. ज्याचा हात, त्याने वाचावं. इतकी वर्षं ती स्वतः ते कागद शिपायाच्या हाती देत आली होती. हेही तिने नेहमीप्रमाणे दिले. कोणाच्या हाती पडतील याचा विचार केला नाही, कारण कारखान्यात तो विचार तिने कधीच केला नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी मुकादम तिच्या टेबलापाशी धावत आला. ती पोचली तेव्हा भावाला बाहेर व्हरांड्यात आणून निजवलं होतं. ओठ निळे पडले होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि हवा आत घेण्यासाठी सगळं अंग झटत होतं. गाडी येईपर्यंत तिने त्याचं डोकं मांडीवर धरलं. मुकादमाच्या हातात नवा, डबल फिल्टरचा मास्क होता, आणि तो त्याचं काय करावं ते न कळून उभा होता.

"हा खुंटीला होता, बाई," तो म्हणाला. "मी रोज बोंबलत होतो. पण ऐकेल तर ना! मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते, थर दिसत नाही, म्हणायचा. आधी लावत होता हो. ते कागद आले आणि सोडला. तो आंधळ्याचा कागद आहे ना, तो सारखा वाचायचा. चौदा वर्षांत त्याला कोणी असं बोललं नव्हतं. फवारताना नाक टेकवायचं बाकी ठेवत होता चेंडूला."

गाडी आली तशी तक्रारबाई भावाबरोबर आत चढली.

दवाखान्यात दोन दिवस त्याला नळ्या लावून ठेवलं. मुकादम भेटायला आला आणि मास्कचं आणि त्या कागदांचं भावजयीलाही सांगून गेला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भावजयीला बाहेर बोलावून सांगितलं, की फार आशा धरू नका. त्या संध्याकाळी त्याला जरा शुद्ध आली. भावजय पायथ्याशी बसली होती, ताई उशाशी. त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क थोडा बाजूला केला. शब्दाशब्दाला थांबत होता.

"ताई… दोन हातांच्या मालाचं… आलं का काही? पापुद्र्याचं?"

नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं. एकही तक्रार नाही म्हणायचं, आणि त्याला सुखाने पडू द्यायचं. पण तो तिच्या तोंडाकडे असा बघत होता, की तिला खोटं सांगणं जमेना. सव्वीस वेळा जमलं होतं, सत्ताविसाव्यांदा जमेना.

"त्या तक्रारी कोणी केल्या नव्हत्या रे," ती म्हणाली. "मी लिहिल्या होत्या. सगळ्या मीच. मला वाटलं, वार्निश बंद करतील आणि तू सुटशील."

त्याला कळायला वेळ लागला. "आंधळा म्हणाला… तोही?"

"तोही मीच."

ती वाट बघत होती, की आता हा शिव्या देईल, तोंड फिरवेल, काहीतरी करेल. तिला ते हवंच होतं.

"म्हणजे थर…" तो म्हणाला, "बरोबर बसत होता."

"बरोबर बसत होता. तुझ्या हातात काही खोट नव्हती."

त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. चेहरा मोकळा झाल्यासारखा दिसला. ताईने मास्क सारखा केला आणि हुंदका आवरायला पदर तोंडात धरला.

भावजयीने नवऱ्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, मग हात मांडीवर ठेवले.

"ताई, एक विचारू?" तिचा आवाज अगदी हळू होता. "ते कागद आले नसते, तर यांनी मास्क लावला असता ना?"

"हो," ताई म्हणाली.