नागपूरच्या नंबराची व्हॅन

मी एक जुनी व्हॅन आहे. रंग एके काळी पांढरा होता, आता धुऊन धुऊन विटलेल्या बनियनसारखा झाला आहे. भोपाळच्या अयोध्या नगरात शेवग्याच्या झाडाखाली उभी असते. चाकांतली हवा गेली. उद्या सकाळी भंगारवाले मला ओढून नेणार आहेत. वाईट वाटतं का, असं विचारू नका, मित्रांनो. काही वाटत नाही. पत्र्याला जेवढं वाटायला पाहिजे तेवढंच वाटतं.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. जन्माचं कोणाला आठवतं? आठवतं ते नागपूर. अनंतरावांनी मला घेतलं. त्यांच्या बायकोने, शारदाबाईने, माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. मग नंबराची पाटी लागली, एमएच एकतीस. बाई पाटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता शोभते."

वर्षभरात अनंतरावांना भोपाळच्या मोठ्या कारखान्यात नोकरी लागली. पोळपाट, गाद्या, पेटी, सगळं पोटात घेऊन मी सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल करत इथे आले. पेटी म्हणजे बाईची वाजवायची पेटी. ती तिने पूर्ण रस्ता मांडीवर धरली होती.

इथे आल्यावर शेजारी म्हणाले, "भाभीजी, गाड़ी का नंबर एमपी का करवा लो. यहाँ का टैक्स अलग लगता है."

अनंतराव पण म्हणाले, "अगं, नियम आहे. दुसऱ्या राज्यात राहायला आलो की नंबर बदलावा लागतो. नागपूरहून परवानगीचा कागद आणायचा, बस."

"माहेर सुटलं, गाव सुटलं. आता पाटीही सोडू?"

"नियम आहे म्हणतो ना."

"नियमाला सांगा, बाई घरी नाही."

झालं. विषय संपला. भोपाळातल्या आमच्या बऱ्याच नागपूरकर घरांत हेच झालं. दर दसऱ्याला पाटी पदराने पुसायची, झेंडूची माळ घालायची. कागद मात्र लोखंडी कपाटात साड्यांखाली. त्यांना कोणी हळदकुंकू लावलं नाही.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. दर शुक्रवारी बायकांचं भजन असायचं. आज शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरात, पुढच्या वेळी आणखी कुठे. पेटी, ढोलक, टाळ आणि साड्या सावरत बसलेल्या बायका, सगळ्या माझ्यात. अनंतराव चालवायचे आणि बोलायचे नाहीत, कारण बोलायला जागाच मिळत नसे. एकदा चौकात पोलिसाने हात केला. "बाहर की गाड़ी है?"

बाईने काचेतून डोकं बाहेर काढलं. "भैया, गाड़ी बाहर की है, हम तो यहीं के हैं. पेटी बजाकर दिखाऊँ क्या?"

तो हसला आणि जा म्हणाला. तो हसला तेच चुकलं, दंड केला असता तर नंबर तेव्हाच बदलला असता.

पुढे बाईचे गुडघे गेले. पाय वर उचलेना. अनंतरावांनी गोविंदपुऱ्यातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मला नेलं आणि दाराखाली खडबडीत लोखंडी पायरी बसवून घेतली. त्या पायरीवर पाय ठेवून बाई राणीसारखी चढायची. सगळ्या भोपाळात तिला चढता येईल अशी गाडी मी एकटीच होते.

मग माझी पंधरा वर्षं भरली. नियम बदलत गेले होते. जुन्या गाडीची नोंदणी पुन्हा करायची तर फी वाढली, वरून जुनेपणाचा कर. अनंतराव इथल्या ऑफिसात गेले. खिडकीतला म्हणाला, "अंकल, पहले नागपुर से एनओसी लाइए." नागपूरला फोन केला. तिथे सांगितलं, नोंदणी संपली आहे, आधी ती करा, गाडी घेऊन या. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही. ट्रकवर चढवून न्यायची, मग तिथली फी, मग इथला रस्त्याचा कर. माझ्या किमतीपेक्षा माझा कर जास्त झाला.

मुलगा सत्यजित पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, भंगारात दे तिला. सर्टिफिकेट मिळतं. नव्या गाडीच्या टॅक्सात सूट आहे."

"नवी चालवणार कोण? तुझे बाबा? त्यांना समोरची म्हैस दिसत नाही, सिग्नल काय दिसणार?"

अनंतराव चष्मा पुसत बसले.

मी उभी राहिले. शुक्रवार यायचे आणि जायचे. भजनातली प्रतिभा एकदा रिक्षा घेऊन आली. "काकू, चला. तुमच्याशिवाय सूर लागत नाही. परवा तर शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली."

बाईने पाय उचलला. पाय हवेतच राहिला. रिक्षावाला भला माणूस. म्हणाला, "माताजी, गोद में उठा लूँ?"

बाई तशीच घरात परत गेली. नंतर कोणी बोलवायला आलं नाही. पेटीवर टॉवेल वाळत घालायला लागले. मी उभी राहिले ते मला चालतं, मित्रांनो. बाईचं घराबाहेर पडणं थांबलं, ते मला दिसत होतं.

शेवटी मला भंगारातच द्यायचं ठरलं. काल भंगारवाला मला बघायला आला. अनंतराव पाना घेऊन पुढे झाले. "थांब, पाटी काढून घेऊ. ही जपायची असेल."

बाई दारात काठी टेकून उभी होती. म्हणाली, "पाटी देऊन टाका."

"अगं, नागपूरची आहे."

"माहीत आहे. तिच्या नादाने तर घरात बसले. पायरी काढून घ्या."

पायरी निघाली. माझ्या अंगाला दोन भोकं राहिली. अनंतराव ती गोविंदपुऱ्याला घेऊन गेले आणि खाली चार पाय जोडून त्यांनी तिचं स्टूल करून आणलं.

आज शुक्रवार. बाईने प्रतिभाला फोन केला. प्रतिभा रिक्षा घेऊन आली. पायरी खाली ठेवली. बाई तिच्यावर चढली, मग रिक्षात. पेटी मांडीवर घेतली, पायरी प्रतिभाने पायाशी घेतली. रिक्षावाल्याला बाई म्हणाली, "अब देख क्या रहे हो, चलाओ."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. बरं केलं.

मित्रांनो, गाडी धुता, तिला हार घालता, तसे तिचे कागदही काढून बघत जा. जिथे राहता तिथला नंबर लावा. नंबर बदलल्याने गाव जात नाही. आणि गाडी भंगारात देताना तिच्यातलं कोणाच्या कामाचं काय आहे, ते आधी काढून घ्या. माझ्यातलं घेतलं. आता या म्हणावं भंगारवाल्यांना.