दोन मिनिटांचा दिवा

मित्रांनो, मी पत्र्याच्या डब्यात बसवलेला एक जुना दिवा आहे. अमेरिकेत, ओहायोतल्या एका गावात, शाळा मंडळाच्या सभागृहात, माइकच्या शेजारी माझं आयुष्य गेलं. पालक बोलायला उभे राहिले की मी हिरवा होतो. अर्धं मिनिट उरलं की पिवळा. दोन मिनिटं संपली की लाल, आणि माझ्याबरोबर माइकही बंद. "हा कुणाची भीड ठेवत नाही," असं अध्यक्ष कौतुकाने म्हणायचे, तेव्हा मी फुलून जायचो. किती मूर्ख होतो मी!

आमच्या एका शाळेत अकरा वर्षं रेल्वेच्या रुळांच्या दोन्ही बाजूंची, गोरी आणि काळी मुलं एकत्र शिकत होती. यंदा मंडळापुढे शाळेची हद्द रुळांवरच आखायचा प्रस्ताव आला. पलीकडच्या काळ्या मुलांना त्यांच्या वस्तीतल्या पडक्या शाळेत जावं लागणार होतं. तिथलं ग्रंथालय कधीच बंद पडलेलं.

हे होऊ नये म्हणून मार्गो नावाची गोरी आई जिवाचं रान करत होती. मतदानाच्या दिवशी ती मैत्रिणींना घेऊन चारलाच आली. बोलणाऱ्यांच्या यादीत वीसच ओळी असतात. त्यांनी सगळ्या भरून टाकल्या. रुळांपलीकडची ओडेसा नावाची काळी आई इस्पितळातलं काम संपवून, दोन बस बदलून सहाला पोचली. तिची मुलगी जोनेल त्याच शाळेत तिसरीत होती. यादीत जागा नव्हती.

"आमच्यासाठी बोलायला आलात," ती मार्गोला म्हणाली, "आणि आमच्याच जागा अडवून बसलात होय गं?"

मार्गोचा चेहरा पडला. आपलं नाव पुकारताच ती ओडेसाला हाताला धरून पुढे घेऊन आली आणि माझी वेळ हिला द्या म्हणाली. वेळ दुसऱ्याला देता येत नाही, असा नियम अध्यक्षांनी काढला. वाद सुरू झाला. आणि मी? मी तर केव्हाच हिरवा झालो होतो. परवानगी मिळाली तेव्हा मी पिवळा होतो.

"माझी जोनेल विचारते, मला का काढतायत? माझं काय चुकलं?" ओडेसा सावकाश बोलत होती. "तुम्ही सातजण इथे बसलायत. तुमच्यापैकी एकाने तरी मला सांगा, घरी जाऊन तिला मी काय..."

मी लाल झालो. माइक बंद पडला. तिचे ओठ हलत राहिले. मी विझायची पराकाष्ठा केली, पण दिव्याच्या हातात काय असतं? मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी मुलं वेगळी केली. मार्गो खुर्चीत तोंड झाकून रडत राहिली. ओडेसा तिच्याकडे न बघता निघून गेली.

आता मला काढून भिंतीवर घड्याळ लावणार आहेत म्हणे. खुशाल लावोत. पण मित्रांनो, पाया पडून सांगतो, दुसऱ्याच्या लेकरासाठी भांडायला जाल तेव्हा यादीतली पहिली ओळ कोरी ठेवा. त्याची आई अजून बसमध्ये असते.