अनंताची वजाबाकी

सकाळी साडेदहा वाजता संशोधिकेच्या पडद्यावर उत्तर उमटलं: ०.६९३. तिचे मार्गदर्शक सर गेल्या वर्षीच म्हणाले होते, उत्तर पाऊणच्या जरा खाली येईल. आलं.

प्रश्न असा होता: लहान कृष्णविवर मोठ्यात पडताना त्याला स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाचा जादा धक्का बसतो का? गणितात दोन राशी येत होत्या, दोन्ही अनंत. तिथली रीत ठरलेली. लहान विवराच्या मध्याभोवतीचा बारीक गोळा हिशोबातून कापायचा, म्हणजे राशी आवाक्यात येतात. मग एकीतून दुसरी वजा करायची आणि गोळा लहान लहान करत न्यायचा. शेवटी उरेल तो धक्का. एक राशी तिनं काढली होती, दुसरी सरांनी. दुपारी तीनला सर सभागृहात निकाल जाहीर करणार होते. तिचा अख्खा प्रबंध त्या आकड्यावर उभा होता.

जेवायला नवरा वरच्या मजल्यावरून आला. तो गणितज्ञ, खालची भौतिकशास्त्राची मंडळी त्याला शंकासुर म्हणत.

"काय उरलं?"

"पॉइंट सहा नऊ तीन. गोळा कितीही लहान कर, ढिम्म हलत नाही."

त्यानं घास तसाच खाली ठेवला. "याला मी कुठंतरी भेटलोय."

"तुझी काय, आकड्यांशी सोयरीकच आहे."

"चेष्टा नाही गं. दोनाचा नैसर्गिक लॉग आहे हा. एकाचा गोळा दुसऱ्याच्या दुप्पट असला की नेमकं एवढंच उरतं, आणि ते हलतही नाही. अनंतातून अनंत वजा केलं की कुठं कापलं त्यावर उत्तर ठरतं. तू गोळा कशानं मोजतेस?"

"त्रिज्येनं."

"आणि सर?"

माप सारखं ठेवायचं, एवढंच दोघांचं ठरलं होतं; कशाचं माप, ते नाही. डबा अर्धा टाकून ती सरांच्या खोलीत गेली. सर भाषणाची चित्रं लावत होते.

"व्यासानं," ते म्हणाले. "पहिल्यापासून. का गं?"

"मग माझा गोळा तुमच्या दुप्पट आहे, सर. धक्का बहुतेक नाहीच."

सरांनी चष्मा काढला. "हे तुझ्या घरचा शंकासुर बोलतोय."

"सुरुवात त्यानं केली. पण सर, पाऊणच्या खाली येणार, हे तुम्हाला आधी कसं कळलं?"

"अंदाज. इतक्या वर्षांत एवढा येतो." चष्मा पुसून झाला तरी ते पुसतच राहिले. "व्याख्यान होऊ दे, मग बसू."

अंदाज चुकीच्या आकड्यावर इतका अचूक बसतो? जागेवर येऊन तिनं आपला गोळा निम्मा केला आणि गणित पुन्हा सुरू केलं. शून्य आलं तर प्रबंध गेला. काही वेगळं उरलं, तर धक्का खरा, पण सरांचा आकडा खोटा.

तीन वाजले. गणित अजून चालूच होतं. नवऱ्याला पडद्यासमोर बसवून ती सभागृहात गेली.

सरांच्या पहिल्याच चित्रावर ०.६९३ आहे. मागच्या रांगेत तिचा हात वर आहे. सरांनी तो पाहिलाय आणि ते पुढच्या चित्राकडे वळलेत. तिच्या जागेवरून नवऱ्याचा निरोप अजून आलेला नाही.